कोण पाहत आहे?

नवा डब्बा जोडून झाला आणि टीव्हीनं आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘कोण पाहत आहे?’

अक्षरं मोठी होती, बाबांना चष्म्याशिवाय दिसली. ते खुर्चीत सरळ झाले आणि टीव्हीकडे पाहून म्हणाले, "मी पाहून राहिलो, भिवाजी सांबारे. बाजूले पोरगा आहे, सुरेश. मास्तर आहे. सूनबाई सैपाकघरात आहे, आत्ता येते." एवढी संपूर्ण माहिती मिळूनही टीव्ही जागचा हलला नाही. प्रश्न तसाच पडद्यावर राहिला.

"इचारते आन् मंग ऐकत नाही," बाबा म्हणाले. "तुमच्या कलेक्टर हापीसातला दिसते."

हा डब्बा घेण्याची कल्पना आमच्या केतकीची. ती पुण्याला नोकरी करते आणि तिथून फोनवर आमचं घर सुधारते. तिचं म्हणणं असं की आता कोणी टीव्ही आपल्यासारखा पाहत नाही. म्हणजे सात वाजले म्हणून सातची मालिका, असं नसतं. ज्याला जे पाहिजे ते तो पाहिजे तेव्हा पाहतो. मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे ग्राहक हा राजा असतो हे मला माहीत होतं. पण आमच्या घरात एक टीव्ही, एक रिमोट आणि राजे बरेच, ही अडचण पुस्तकात कुठं दिलेली नाही.

आमचा केबलवाला मयूर म्हणाला, "सर, तुमच्यासाठीच आलं आहे हे. यात केबलबी आहे आन् इंटरनेटबी. दोन्हीचं मिक्स. यातलं एक बटन म्हणजे ‘माझा चॅनल’. चालू चॅनल दाखवते, आन् मधामधात तुमाले जे आवडते ते सोताहून घालते. जोड कुठं आहे ते दिसतबी नाही." शेवटचं वाक्य त्यानं रफू करणाऱ्या शिंप्याच्या अभिमानानं म्हटलं. ती जोड पुढं माझी अब्रू फाडणार होती, पण तेव्हा मला तो गुणच वाटला.

डब्बा जोडणं सोपं होतं. त्याची नोंदणी करणं कठीण होतं. आधी त्यानं राज्य विचारलं. मी मध्यप्रदेश निवडलं. मग त्यानं भाषा विचारली, आणि त्या यादीत मराठी नव्हती. मराठी पाहिजे म्हणून मागं जाऊन महाराष्ट्र निवडला, तर आमचा पिनकोड त्याला पटेना. जिल्ह्याच्या जागी पांढुर्णा टाकायला गेलो, तर पांढुर्णा नावाचा जिल्हाच त्याच्या ऐकिवात नाही. आमचा जिल्हा झाला तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले होते. डब्ब्यापर्यंत ते पोचले नसावेत.

कंपनीला फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, आप मध्यप्रदेश में हैं तो मराठी में क्यों देखना चाहते हैं?"

हा प्रश्न मला आयुष्यभर कोणी ना कोणी विचारत आलं आहे आणि माझं उत्तर तयार आहे. ते थोडं मोठं आहे. नागपूरच्या भोसल्यांपासून सुरू होतं आणि राज्य पुनर्रचनेपर्यंत येतं. मी भोसल्यांचा कारभार संपवत होतो तेवढ्यात फोनमध्ये बासरी सुरू झाली. मी बासरी संपण्याची वाट पाहत उभा राहिलो. जयश्री म्हणाली, "अहो, ती गेली. ठेवा आता."

शेवटी मयूरनं नागपूरच्या त्याच्या मावसभावाचा पत्ता टाकला आणि आम्ही एका क्षणात सहकुटुंब नागपूरचे रहिवासी झालो. त्याचे परिणाम भोगावे लागले. एका सकाळी पडद्यावर खाली पट्टी सरकली की तुमच्या भागात पाणी येणार नाही. बाबांनी घरातली सगळी भांडी, बादल्या आणि माझी शाळेची थर्मासची बाटली भरून ठेवली. आमच्या नळाला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त पाणी होतं.

मग प्रत्येकाचं नाव टाकून वेगळा कप्पा करायचा होता. जयश्रीनं तिचा केला. बाबांनी साफ नकार दिला.

"माझ्यासाठी अलग? मी काय वाळीत पडलो काय? सगळे पाहतीन तेच मी पाहीन."

"बाबा, तुम्हाला आवडतं ते तो शोधून दाखवेल."

"मले काय आवडते ते माझ्या मायले समजलं नाही, याले काय समजते."

त्यामुळे बाबा माझ्या कप्प्यात राहायला आले. मागोमाग शेजारच्या शोभाकाकूही आल्या. त्यांचा आमच्याकडे संध्याकाळची मालिका पाहण्याचा जुना रिवाज आहे. त्यांचे यजमान धोटेकाका वीज खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि विजेवर चालणाऱ्या कोणत्याही वस्तूबद्दल सल्ला देणं हा आपला हक्क समजतात. त्यांनी डब्ब्याखाली लाकडी पाट ठेवायला लावला, अर्थिंगसाठी. शोभाकाकूंचा नातू आला की माझ्या कप्प्यात बडबडगीतं लागत, काकू आल्या की सासवा-सुना लागत, काका आले की भुताचे सिनेमे लागत. डब्बा हे सगळं माझ्या नावावर जमा करत होता.

बाबांचा प्रश्न वेगळा होता. रिमोटमध्ये बोललं की डब्बा ऐकतो, असं मयूरनं त्यांना दाखवलं होतं. पोळा जवळ आला तसे बाबा रोज रिमोट तोंडाशी धरून म्हणू लागले, "गोटमार दाखव." गोटमार म्हणजे आमच्या नदीवरची वार्षिक दगडफेक. डब्ब्यानं नीट ऐकलं नाही. त्याला वाटलं, हे गृहस्थ गोट फार्म म्हणताहेत. त्यानं शेळीपालनाचे व्हिडिओ लावले. बाबांनी चिकाटी सोडली नाही, डब्ब्यानंही नाही. उस्मानाबादी शेळी, जमनापारी शेळी, शेळीची पोटफुगी आणि उपाय. बाबा रागावून पाहायला बसत आणि शेवटपर्यंत पाहत.

अशात आमचे प्राचार्य एकदा चहाला आले. मी टीव्ही सुरू केला, तर पडद्यावर ठळक अक्षरांत आलं: ‘सुरेश सरांसाठी खास’. खाली एक बोकड, एक हडळ आणि ‘सासूला वश कसे करावे’. प्राचार्यांनी चहा संपवला आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सांबारे, तब्येतीला जपत जा." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा एक तास कमी केला.

मी केतकीला फोन करून रागावलो. ती म्हणाली, "पप्पा, थोडा वेळ द्या त्याला. तो शिकतोय अजून." मास्तरला ही सबब चालत नाही, पण मी फोन ठेवला.

बाबांच्या चिकाटीला फळ आलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी डब्ब्याला एकदाची गोटमार ऐकू आली. बाबा इतके खूश झाले की ते रिमोटमध्ये पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले.

गोटमारीचं आमच्याकडे काय आहे ते परक्या माणसाला सांगताना मी नेहमी जरा खाली पाहतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मध्यात पळसाचं झाड झेंडा लावून रोवतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. दोन्हीकडून दगड चालतात. पांढुर्ण्याच्या माणसानं झाड तोडून झेंडा चंडी मातेच्या देवळात आणला की आम्ही जिंकलो. डोकी फुटतात, हातपाय मोडतात, प्रशासन दरवर्षी समजावतं, लोक दरवर्षी समजून घेतात आणि दरवर्षी नदीवर जातात. मी स्वतः आमच्या वॉर्डाच्या शांतता समितीचा सदस्य आहे. अफवा पसरवू नका, असं मी बैठकीत माईकवरून सांगितलं होतं. त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

बाबा तरुणपणी नदीत उतरत. आता त्यांचे गुडघे गेले आहेत आणि डॉक्टरांनी आणि जयश्रीनं, दोघांनीही त्यांना नदीची बंदी केली आहे. मागच्या वर्षी गोटमारीच्या दिवशी ते गुडघे दाखवायला नागपूरला गेले होते, म्हणून घर निर्धास्त होतं. जयश्रीची बाजू अवघड आहे. ती जवळच्या सौंसरची, पण तिचं आजोळ सावरगाव. तिचा भाऊ वैभव सौंसरला संत्र्याच्या बागा करतो आणि गोटमारीत लहानपणापासून सावरगावच्या बाजूचा. लग्नानंतर त्याच्या बायकोनं, सुचितानं, त्याच्याकडून शपथ घेतली की नदीवर पाय ठेवायचा नाही. ती शपथ त्यानं पाळली म्हणून दोन्ही घरांत त्याचं नाव कौतुकानं निघे.

मयूरचं लोकल चॅनल दरवर्षी नदीवरून थेट दाखवतं. यंदा मोठा टीव्ही, नवा डब्बा, म्हणून मी सगळ्यांना घरी बोलावलं. शोभाकाकू, धोटेकाका आणि बाबा सकाळीच जागा धरून बसले. पुरणपोळ्या आदल्या दिवशीच्या होत्या, जयश्रीनं भजी काढली. पडद्यावर नदी आली, झेंडा आला, दोन्ही तीरांवरची गर्दी आली. कोपऱ्यात लाल पट्टीत लिहिलं होतं ‘थेट’. मधे साड्यांच्या दुकानाची जाहिरात लागली, ती संपली की पुन्हा नदी, पुन्हा तोच निवेदक, पुन्हा ‘थेट’. कुठं जोड होती हे आम्हाला दिसलं नाही. मयूरनं तसं सांगितलंच होतं.

दुपारची जेवणं झाली. बाबा रंगात आले होते. "त्या लाल दुपट्ट्यावाल्याले पाहा," ते म्हणाले, "सावरगावचा आहे, पण हात पाहा त्याचा. असा हात आजकाल पोट्ट्याइले नाही."

लाल दुपट्टावाल्यानं दगड फेकला आणि तो वळला. जयश्रीच्या हातातली भज्यांची थाळी तिरपी झाली.

"हा आपला वैभव आहे," ती म्हणाली.

आम्ही सगळे पुढं सरकलो. वैभवच होता. तेवढ्यात एक दगड त्याच्या खांद्यावर बसला, तो वाळूत कोसळला, आणि दोघातिघांनी त्याला उचलून गर्दीत नेलं. मग कॅमेरा दुसरीकडे गेला.

जयश्रीनं वैभवला फोन लावला, तो लागला नाही. तिनं सुचिताला लावला. सुचिता म्हणाली, "ताई, ते तं सकाळीच बागेत गेले, लोधीखेड्याकडे. तिथं टावर भेटत नाही." जयश्रीनं जे पाहिलं ते तिला सांगितलं. मग सुचिता म्हणाली, "मी निघाली," आणि फोन ठेवला.

जयश्री माझ्याकडे वळली. "तुमी जा. नदीवर डॉक्टर लोकं बसतात ना, तिथं पाहा. तो कसा आहे ते आधी सांगा मले, मंग बाकी." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण तिनं माझ्या पायात माझ्या चपला स्वतः सरकवल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे तिनं कधी केलं नव्हतं. मला तेव्हा खरी भीती वाटली.

मी नदीकडे धावलो. म्हणजे भरभर चाललो. मास्तर गावात धावत नाही. उपचाराच्या तंबूपर्यंत पोचायला मला शांतता समितीचा बिल्ला दाखवावा लागला. तिथं डोक्याला पट्ट्या बांधलेली माणसं ओळीनं बसली होती आणि पट्टी झाली की पुन्हा नदीकडे निघत होती. त्यातले काही माझे माजी विद्यार्थी होते. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. वैभव त्यांच्यात नव्हता. पलीकडच्या तंबूत विचारायला लावलं, तिथंही नव्हता. सौंसरचं कोणी आलंच नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी घाबरलेल्या मनाला समजावत होतो की नसणं ही चांगली खूण आहे, पण कुठंच नसणं चांगलं की वाईट हे ठरेना.

घरी कळवायला फोन लावला. तो बाबांनी उचलला.

"अरे, झेंडा तुटला," बाबा म्हणाले. "आपण जिंकलो. लवकर ये, काका पेढे आणून राहिले."

मी समोर पाहिलं. नदीच्या मध्यात झेंडा उभा होता. वाऱ्यावर चांगला फडकत होता.

"बाबा, झेंडा उभा आहे. मी समोर आहे त्याच्या."

"तू काय सांगून राहिला मले. टीव्हीवर दाखवून राहिले. कुऱ्हाड मारली, झाड पडलं, पोट्टे घेऊन चंडी मातेकडे चालले."

"मी डोळ्यांनी पाहतो आहे."

"तुले चष्म्याचा नंबर वाढवायचा आहे, मी मागंच म्हणत होतो."

बापाशी वाद घालायची ही वेळ नव्हती, आणि तेवढी सवडही मिळाली नाही. माझ्या आजूबाजूला एकदम गलका झाला. लोकांच्या हातातले मोबाईल वाजू लागले. कोणी तरी चंडी मातेचा जयजयकार केला, आणि आमच्या तीरावरची बरीच गर्दी दगड टाकून देवळाकडे वळली. नदीत उतरलेली पोरं गोंधळून मागं पाहू लागली. सावरगावचे लोक हातातले दगड हातात ठेवून उभे राहिले; समोरचे अचानक का निघाले हे त्यांना कळेना. गोटमारीच्या इतिहासात एवढी शांतता एवढ्या कमी वेळात कुठल्याही समितीला जमली नसेल. त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही.

माझ्या शेजारी एक पोलीस जमादार उभे होते. त्यांनी एका पोराच्या हातातला मोबाईल घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "पांढुर्णा विजयी. झेंडा तुटला. सांबारे सर, शांतता समिती, यांच्या घरी टीव्हीवर प्रत्यक्ष पाहिले. कळावे, धोटे." मग त्यांनी माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"सांबारे सर आपणच?"

मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"चला घरी. तो टीव्ही पाहू."

भर दुपारी पोलिसाबरोबर गल्लीत शिरणं हा अनुभव शिक्षकानं एकदा घ्यावा. दारादारांत लोक उभे होते. ज्यांनी मला आजवर नमस्कार केला नव्हता त्यांनीही केला. एका घरातून मीनावहिनी म्हणाल्या, "सर, काई लागलं तं सांगा." जामीन राहण्याबद्दल म्हणत असाव्यात.

घरी सुचिता पोचली होती. मिळेल त्या जीपनं आली होती, जशी होती तशी, पदराला अजून पिठाचा हात लागलेला. जयश्रीच्या शेजारी ती भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून ती उठली. "भाऊजी, भेटले का ते?" मी नकारार्थी मान हलवली. ती पुन्हा बसली. टीव्हीसमोर बाबा पेढा खात होते, तेही थांबले.

नेमका तेव्हाच बाहेर मोटरसायकल थांबली आणि वैभव आत आला. खांद्यावर मक्याच्या कणसांची थैली होती.

"ताई, इतके फोन काहून लावले? टावरमध्ये आलो तं सगळे तुझेच. म्हटलं बाबाइले काई झालं काय."

सुचिता उठून त्याच्यापाशी गेली. तिनं त्याचा खांदा चाचपला, मग दुसरा खांदा, मग डोकं. सगळं जागेवर होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली. जयश्रीनंही पदर तोंडाला लावला. मी स्वतः खिडकीबाहेर पाहिलं. माणूस जिवंत दिसला की आपण त्याच्यावर किती चिडलो होतो हे विसरायला होतं, तसं आम्हा सगळ्यांचं थोडा वेळ झालं.

जमादार अनुभवी होते. ते म्हणाले, "हे ठीक झालं. आता मले ते दाखवा, झेंडा तुटलेला."

धोटेकाकांनी मोठ्या उत्साहानं व्हिडिओ मागं घेतला. नदी आली, झेंडा आला, ‘थेट’ आलं. जमादार कमरेवर हात ठेवून पाहत होते. थोड्या वेळानं ते पडद्याजवळ गेले आणि काठावर उभ्या असलेल्या एका पोलिसावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा मी आहे," ते म्हणाले.

आम्ही पाहिलं. पडद्यावरच्या पोलिसाला झुबकेदार मिशी होती. आमच्या जमादारांना नव्हती.

"मिशी मी संक्रांतीले काढली. हे मागच्या सालचं आहे."

मयूरला फोन लावला. तो नदीवर होता, ओरडून बोलत होता. "सर, आपल्या चॅनलवर जाहिरात लागली का तो डब्बा सोताहून आवडीचं लावते. तुमच्याकडे कोणी गोटमार गोटमार लय म्हटलं असन. मागच्या सालचं आमीच इंटरनेटवर टाकलं होतं, त्याच्यावर थेट तसंच राहिलं. एकदा आवडीचं लागलं का तो वापस येत नाही मंग."

धोटेकाका पेढ्यांचा पुडा हळूच खुर्चीखाली सरकवत होते. जमादार मला अफवा म्हणजे काय हे समजावून सांगू लागले. त्यातली काही वाक्यं बैठकीत मीच म्हटलेली होती. आणि त्या सगळ्यात सुचिता एकटी अजून पडद्याकडे पाहत होती. तिथं लाल दुपट्टावाला दगड उचलत होता.

"हे मागच्या सालचं आहे ना?" तिनं विचारलं.

"हो, बाई," जमादार म्हणाले.

"मागच्या साली या दिवशी तुमी जामसांवलीच्या वळणावर गाडीवरून पडले होते," ती वैभवला म्हणाली.

वैभवनं मक्याची थैली खाली ठेवली. मग पुन्हा उचलली.

"खांद्याचं हाड सरकलं होतं. तुमी म्हटलं, कुत्रं आडवं आलं."

"सुचिता, घरी बोलू आपण."

"भाऊजी, परत दाखवा."

मी परत दाखवलं. दगड लागला, वैभव पडला. तिनं पुन्हा दाखवायला सांगितलं. वैभव टीव्हीत पडत होता आणि इकडे खोलीत दर वेळी थोडा थोडा खाली बसत होता. शोभाकाकूंनी मालिकेतही असं काही पाहिलं नव्हतं. त्यांनी भजी जवळ ओढली. शेवटी सुचिता जमादारांकडे वळली.

"साहेब, मागच्या सालचा गुन्हा आज लिहिता येते काय?"

जमादारांनी टोपी डोक्यावर नीट केली. "बाई, मी फक्त अफवेसाठी आलो," ते म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

त्या दिवशी नदीवर काय झालं ते आम्ही पाहिलंच नाही. संध्याकाळी दोन्हीकडचे जाणते लोक बसले आणि समजुतीनं झेंडा दिला-घेतला, असं दुसऱ्या दिवशी कळलं. शांतता समितीनं मला पत्र वगैरे काही दिलं नाही. पुढच्या बैठकीचं बोलावणं आलं नाही, एवढंच. त्या बैठकीला माझा बिल्ला धोटेकाका घालून गेले.

वैभव आणि सुचिता आमच्याकडेच जेवले. जेवताना ती एकदाच बोलली. "वर्षभर मी दर शनिवारी उपाशी राहिली. जामसांवलीले जाऊन मारुतीले म्हणत होती, तू यायले त्या कुत्र्यापासून वाचवलं. देवासमोर मी वर्षभर खोटं बोलली, यायच्यामुळे. आता हे स्वतः जाऊन त्याले खरं सांगतीन. पायी."

त्याच्या पुढच्या शनिवारी वैभव सौंसरहून जामसांवलीला पायी निघाला. सुचिता त्याच्याबरोबर चालली. तिला चालायची गरज नव्हती, पण तो मधेच गाडीवर बसेल असं तिचं म्हणणं. अर्ध्या वाटेत तिनं त्याच्या हातातली नारळाची पिशवी स्वतःकडे घेतली. त्याचा तो खांदा अजून भरून येतो, हे तिला माहीत होतं. जयश्री, मी आणि बाबा पांढुर्ण्याहून बसनं जाऊन देवळात थांबलो. बाबांना गुडघ्यांमुळे येऊ नका म्हटलं होतं, पण ते हट्टानं आले.

गर्दी बरीच होती. आमचा नंबर आला तेव्हा वैभव हात जोडून निजलेल्या मारुतीसमोर उभा राहिला आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागला.

"मोठ्यानं," सुचिता म्हणाली. "मले ऐकू आलं पाहिजे."

मग त्यानं मोठ्यानं सांगितलं. कुत्रं नव्हतं. गोटमार होती. आजोळच्या पोट्ट्यांनी फोन केला, राहवलं नाही, गेलो. घरी सांगायची हिंमत झाली नाही. मागच्या रांगेतले लोक दर्शनाची घाई विसरून ऐकत होते. त्याचं झालं तेव्हा सुचितानं त्याच्या हातात नारळ दिला.

आम्ही वळणार तेवढ्यात बाबा पुढं झाले. त्यांनी टोपी काढली, काठी माझ्या हातात दिली आणि हात जोडले.

"मारुतीराया," ते म्हणाले, "मागच्या साली त्या दिवशी मीबी गुडघे दाखवायले नागपूरले गेलोच नव्हतो." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "सुरेश, तू बाहेर जा. चपला सांभाळ सगळ्यांच्या."

मी बाहेर येऊन चपलांपाशी बसलो. जयश्री आली, वैभव आला, सुचिता आली. बाबांना मात्र आत बराच वेळ लागला.